झिलई आणि वास्तवता

‘वास्तवता’ हा शब्द आमच्या परीक्षणकारांच्या लेखणीला इतका सवयीचा झाला आहे कीं, त्याचा अर्थ विचारणें आतां असभ्यपणाचें वाटूं लागलें आहे. कादंबरींत चाळीचा अंधारा जिना आला, नळावरचें भांडण आलें, कीं ती कादंबरी वास्तव ठरते. रंगभूमीवरच्या शेगडीवर खरोखरीचा चहा उकळला कीं नाटक वास्तव ठरतें. या शब्दाला कस लावावयाचा तर वाङ्मय ही त्याला सोयीची जागा नव्हे, असें आमचें मत आहे. तेथें मूळ वस्तु बहुधा कोणी पाहिलेली नसते, आणि ‘आमच्या गांवीं असेंच बोलतात’ असें म्हणणाऱ्या लेखकाला कोणत्या फुटपट्टीनें मोजावें हें टीकाकाराला कधींच कळत नाहीं. म्हणून जिच्यांत मूळ वस्तूचें माप मिलिमीटरांत उपलब्ध आहे, त्या काळचीं छायाचित्रें आहेत, आणि पुष्कळदां ती वस्तु प्रत्यक्ष उभीहि आहे, अशा एखाद्या कलेकडे कांहीं वेळ वळणें हितावह होईल. आम्हीं निवडलेली कला पाहून कांहीं वाचकांच्या भिंवया वर जातील. ती म्हणजे विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याची कला. आणि तींतलेंहि एकच अंग, उघड्या धातूचा चकाकता पृष्ठभाग प्लॅस्टिकवर वठविण्याचें.

हा पोरखेळ आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, या खेळांत रमणारीं बरींच माणसें पोरवयाचीं नसतात. पेटींतून पॉलिस्टायरीनचे सुटे भाग येतात. ते कापून, जोडून, घासून विमान उभें राहतें. प्रमाण बहुधा १:७२, १:४८ किंवा १:३२ असें असतें. दुसऱ्या महायुद्धांतलें अमेरिकेचें ‘पी-५१ मस्टँग’ हें लढाऊ विमान घेतलें, तर त्याच्या पंखांचा विस्तार ११.२८ मीटर होता. १:७२ या प्रमाणांत तो पुरता सोळा सेंटिमीटरहि भरत नाहीं. आतां आकार हा कारखान्याच्या साच्यानें ठरविलेला असतो. हजार माणसांनीं तीच पेटी आणली तर हजारांच्याहि हातीं तोच आकार लागतो. कारागिराचें स्वतःचें असें जें कांहीं असतें तें पृष्ठभागावर. कथानक पुराणानें दिलेलें आणि शैली मात्र कवीची, असा जो प्रकार आमच्या पंडित कवींच्या आख्यानकाव्यांत दिसतो, त्याच्याशीं याचें जवळचें नातें आहे. ज्यांना नल-दमयंतीची गोष्ट पाठ आहे तेच आख्यान वाचतांना कवीची खरी परीक्षा करतात; तसेंच हें.

रंगविलेलें विमान वठविणें त्या मानानें सोपें. मूळ विमानावर रंग आणि प्रतिकृतीवरहि रंग. एका रंगानें दुसऱ्या रंगाचें सोंग आणावयाचें. पण १९४४ च्या आरंभापासून अमेरिकन सैन्याचीं विमानें कारखान्यांतून बहुतांशीं बिनरंगी येऊं लागलीं. रंगाचें वजन वांचलें, वेळ वांचला, आणि शत्रूपासून लपण्याची गरजहि आतां पूर्वीइतकी उरली नव्हती. तेव्हांपासून कोरियांतल्या १९५० ते १९५३ च्या युद्धांतल्या ‘सेबर’ विमानांपर्यंत, आणि त्याहि पुढें कांहीं वर्षें, उघडा पत्रा हेंच पुष्कळशा लढाऊ विमानांचें रूप होतें. येथें रंगानें धातूचें सोंग आणावयाचें असतें, आणि येथेंच अनेकांचें पितळ उघडें पडतें.

कारण धातु हा रंग नव्हे. ज्याला आपण चंदेरी म्हणतों तो वस्तुतः करड्याचाच एक प्रकार आहे. त्याला धातुपण येतें तें प्रकाश परतविण्याच्या रीतीमुळें. चुन्याची भिंत प्रकाश चहूंकडे विखुरते. घोटलेला पत्रा तो ज्या कोनानें आला त्याच कोनानें परत धाडतो. साध्या चंदेरी रंगांत ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, पण ते वाटेल तसे तिरके पडून राहतात, प्रत्येक आपापल्या दिशेला चमकतो, आणि एकंदर परिणाम बंगल्याच्या लोखंडी फाटकासारखा होतो. शिवाय प्रमाणाचा हिशेब आहेच. असा एक पापुद्रा ०.०३ मिलिमीटर रुंद धरला, तर १:७२ या प्रमाणांत तो मूळ विमानावरच्या दोन मिलिमीटरांहून मोठ्या कणाएवढा होतो. जणूं कोणीं विमानावर जाडी साखर पेरली आहे! ज्याला हा दोष एकदां दिसला त्याला तो पुन्हां न दिसणें अशक्य असतें.

यावर कारागिरांनीं जे उपाय काढले त्यांत दोन मुख्य आहेत. पहिला लेपाचा. ‘अल्क्लॅड’ या नांवानें विकलें जाणारें रोगण या कामीं प्रसिद्ध आहे. हें नांव मूळचें विमानाच्या खऱ्या पत्र्याचें. बळकट मिश्रधातूच्या गाभ्याला गंज लागूं नये म्हणून दोन्ही बाजूंनीं शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला पत्रा तो अल्क्लॅड. रोगणांतले कण अतिशय सूक्ष्म असतात, आणि तें एअरब्रशनें धुक्यासारखें विरळ, थरावर थर असें बसवावयाचें असतें. खालीं बहुधा काळ्याभोर, तकतकीत रंगाचा थर देतात. नवख्याला याचें नवल वाटतें कीं, चांदीखालीं काळें कां? उत्तर असें कीं, वरचा लेप इतका पातळ असतो कीं तो अर्धवट पारदर्शकच राहतो. त्यांतून खालीं उतरलेला प्रकाश काळा रंग गिळून टाकतो, आणि उरतो तो केवळ सरळ परतणारा. पांढऱ्यावर तोच लेप दिला तर दुधाळ दिसतो. काळ्याचा तकतकीतपणाहि तितकाच महत्त्वाचा. खालची भूमि जितकी सपाट तितके वरचे कण सपाट निजतात.

पण या रीतीचा खरा जाच निराळाच आहे. रंग पापें झांकतो. धातूचा लेप तीं चव्हाट्यावर मांडतो. दोन भाग जोडल्याची शीव, पॉलिशपेपरचा एखादा ओरखडा, बोटाचा अस्पष्ट ठसा, जें हिरव्या किंवा करड्या रंगाखालीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें, तें या लेपाखालीं दहापट होऊन उठतें. म्हणून या कामाचा मोठा हिस्सा लेप देण्याच्या आधींचाच असतो: फटींत लांबी भरणें, पाण्यांत भिजविलेल्या बारीक आणि मग त्याहून बारीक पॉलिशपेपरनें घोटणें, काळा थर देणें, त्यांत दोष दिसला कीं पुन्हां घोटणें. साधें, निरलंकार गद्य लिहूं पाहणाऱ्यास हा अनुभव ओळखीचा वाटेल. अलंकारांच्या गर्दींत ढिला अन्वय खपून जातो.

दुसरा उपाय वर्खाचा. पेढ्याबर्फीवर बसवितात तसाच, पण ॲल्युमिनियमचा. कोणी स्वयंपाकघरांतली फॉइल घेऊन तिला पातळ डिंक लावतात. कोणी मागें गोंद असलेली तयार फॉइल वापरतात. विमानाच्या अंगावरच्या पत्र्यांच्या रेघा पाहून त्या त्या आकाराचा तुकडा कापावयाचा, बसवावयाचा, लांकडाच्या काडीनें किंवा कापसाच्या बोळ्यानें दाबून घोटावयाचा, आणि कडा धारदार पात्यानें रेघेवर कापावयाच्या. येथें एक मौजेचा योग जुळून येतो. घरगुती फॉइलची जाडी सुमारे ०.०१५ मिलिमीटर असते. तिला ७२ नें गुणलें तर एक मिलिमीटराच्या थोडें वर भरतें, आणि विमानाचा खरा पत्राहि साधारण तेवढाच जाड असे. म्हणजे १:७२ च्या प्रतिकृतीवर फॉइल हा पत्र्याचा आभास नसून प्रमाणबद्ध पत्राच आहे!

आम्हांला या रीतीचें विशेष कौतुक वाटतें तें दुसऱ्याच कारणानें. फॉइल एका दिशेनें वळते. दोन दिशांनीं वळलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे नाकाच्या गोलाईवर किंवा पंख धडाला मिळतो तेथल्या खळग्यांत, ती चुण्या धरते. मग कारागीर तुकडे लहान करतो, ताणतो, पुन्हां कापतो. पण खऱ्या पत्र्यालाहि हीच अडचण होती, आणि विमानाचा पत्रा जेथें लहान तुकड्यांत विभागलेला असतो तेथें पुष्कळदां कारण हेंच असतें. म्हणजे येथें कारागीर केवळ मूळ वस्तूच्या दिसण्याचें अनुकरण करीत नाहीं. ती वस्तु ज्यांनीं बनविली त्यांच्या अडचणीचेंहि अनुकरण करतो. लेपाच्या प्रतिकृतींत ही गोष्ट कधींच येत नाहीं. फॉइलला लाटतांना पडलेली दिशाहि असते. एक तुकडा उभा आणि शेजारचा आडवा लावला, तर दोन्ही एकाच कागदांतले असूनहि एक उजळ आणि एक मंद दिसतो, आणि प्रतिकृति हातांत फिरविली कीं उजळ होता तो मंद होतो. खऱ्या विमानावरहि शेजारच्या दोन पत्र्यांत हा भेद दिसतो. रंगानें तो साधतां येत नाहीं, कारण रंगाचा भेद फिरविल्यानें बदलत नाहीं.

येथवर वाचल्यावर कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटलाच. खऱ्या धातूनें धातु दाखवावा, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. खरा धातु चिकटविला म्हणून खरें रूप आलें असें होत नाहीं, आणि याचें कारण त्या आरशांतच आहे. मैदानावर उभ्या विमानांत आभाळ दिसतें, खालचा सिमेंटचा चौथरा दिसतो, क्षितिजाची एक धूसर रेघ दिसते. टेबलावरच्या प्रतिकृतींत काय दिसतें? खोलीची खिडकी, पुस्तकांचें कपाट आणि पाहणाराचें नाक. विमान ७२ पट लहान केलें, पण खोली कोणी लहान केली नाहीं. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस त्या प्रमाणांत सव्वाशें मीटर उंचीचा राक्षस होतो, आणि तोच विमानाच्या कुशींतून आपल्याकडे पाहत असतो. आरसा जितका निर्दोष तितका हा राक्षस स्पष्ट. म्हणजे तंत्र पूर्णतेला पोंचलें कीं आभास मोडतो.

चित्रकाराला ही अडचण नाहीं. सतराव्या शतकांतल्या डच चित्रकारांनीं, विशेषतः विलेम काल्फ यानें, चांदीचीं भांडीं रंगविलीं तेव्हां त्यांतलें प्रतिबिंब त्यांनीं आपल्या हातानें निवडून कायमचें बसविलें. त्यांच्या चित्रांत चांदीचा कणहि नाहीं, आणि म्हणूनच ती चांदी वाटते. प्रतिकृति करणाराला प्रतिबिंब निवडतां येत नाहीं. तें पाहणाराबरोबर हलतें. त्याच्या हातीं एकच उपाय राहतो: झिलई एवढी मोडावयाची कीं, धातूचें तेज राहील पण खोलीचें चित्र उमटणार नाहीं. फॉइलवर अतिसूक्ष्म भुकटीनें एकाच दिशेनें हात फिरवावयाचा, किंवा लेपाच्या आरशावर थोड्या मंद छटेचा एक विरळ थर द्यावयाचा. हें केलें कीं खिडकी विरघळून नुसता उजेडाचा पट्टा होते, आणि तो पट्टा आभाळ म्हणून चालतो. कारागीर येथें जाणूनबुजून आपल्या कौशल्यांतून कांहीं वजा करतो. ज्याला हें वजा करवत नाहीं तो उत्तम झिलईवाला असेल, पण कलावंत नव्हे.

आमच्या साहित्यशास्त्रांत शंकुकाचा एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे, चित्रांतल्या घोड्याचा. शंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. अभिनवगुप्तानें त्याचें मत खोडण्यासाठीं ‘अभिनवभारती’त मांडलें, म्हणून तें आपणांस कळतें. चित्रांतला घोडा पाहून होणारें ज्ञान हें सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, आणि नुसत्या साम्याचेंहि नव्हे; त्याची जातच निराळी, असें त्याचें म्हणणें. अभिनवगुप्ताचे आक्षेप नाट्यरसापुरते आम्हांला मान्य आहेत. परंतु सोळा सेंटिमीटरांच्या मस्टँगपुढें उभें राहिल्यावर शंकुकाची बाजू इतकी लंगडी वाटत नाहीं. हें विमान आहे असें कोणाला वाटत नाहीं, विमान नव्हे असेंहि वाटत नाहीं. आरशांत स्वतःचें नाक दिसलें कीं मात्र ‘नव्हे’ ही जाणीव ताबडतोब जागी होते.

आतां त्या मस्टँगविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे, कारण या कलेंतला सर्वांत बोधक प्रसंग त्याचाच आहे. एका प्रदर्शनांत आम्हीं दोन मस्टँग शेजारीशेजारीं मांडलेलीं पाहिलीं. एक नखशिखान्त आरशासारखें होतें. त्याच्या पंखांवरच्या रिव्हिटांच्या रांगा सुईच्या टोंकानें टिंबटिंब काढलेल्या, आणि प्रत्येक टिंबावर प्रकाशाचा एकेक कण. दुसऱ्याचें धड धातूचें, मंद तेजाचें. पंख मात्र एकसारख्या, निर्विकार, किंचित् करड्या चंदेरी रंगाचे, त्यांवर रिव्हिट जवळजवळ नाहीं. आणि शेपटीचें सुकाणू पुन्हां तिसऱ्याच निस्तेज चंदेरीचें. बक्षीस पहिल्याला मिळालें. शेजारीं उभे असलेले एक गृहस्थ दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘धडापर्यंत छान केलंय हो, पण पंखांना कंटाळा केलेला दिसतो.’

वस्तुस्थिति अशी कीं, दुसरेंच विमान खरें होतें. मस्टँगच्या पंखाचा छेद असा योजलेला होता कीं, त्यावरून हवा शक्य तितक्या अंतरापर्यंत न घुसळतां सरळ थरांत वाहावी. अशा प्रवाहाला रिव्हिटाचें डोकें आणि पत्र्याचा सांधाहि खपत नाहीं. म्हणून कारखान्यांत पंखाच्या पुढच्या भागावरचे सांधे आणि रिव्हिट लांबीनें भरून, घोटून, त्यावर ॲल्युमिनियमच्या चंदेरी रंगाचें रोगण देत. उघडा पत्रा होता तो धडाचा. सुकाणू तर कापडाचें, त्यावर पुन्हां वेगळा चंदेरी लेप. एका विमानावर तीन चांद्या, आणि त्यांतली एकच खरी. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रांतसुद्धां धड आणि पंख यांतला हा भेद डोळस माणसाला दिसतो.

मग पहिल्या प्रतिकृतीचा कर्ता फसला कोठें? आमचा तर्क असा कीं, त्यानें खरें विमान पाहिलें, पण आजचें. जीर्णोद्धार होऊन आज उडणाऱ्या पुष्कळ मस्टँगांच्या पंखांवर ती लांबी आणि तें रोगण राहिलेलें नाहीं. मालक हौसेनें पत्रा उघडा करून आरशासारखा घोटतात. दिसतें तसें नसतें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. आणि गंमत अशी कीं, प्रत्यक्ष मूळ वस्तूच येथें खोटी साक्ष देते. ‘मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे’ हा वास्तववाद्यांचा ब्रह्मास्त्रासारखा युक्तिवाद अशा वेळीं कुचकामी ठरतो. दुसऱ्या कर्त्याला आपल्या प्रतिकृतीचा सर्वांत दर्शनी भाग, पंखांचा विस्तीर्ण पृष्ठभाग, निस्तेज ठेवावा लागला. आरसा त्याला येत होता, हें धडावरून दिसत होतें. पाहणारा त्याला आळशी म्हणणार, हेंहि त्याला ठाऊक असलें पाहिजे. आमच्या दृष्टीनें त्या सभागृहांतली सर्वांत मोठी कलाकृति तीच होती, आणि परीक्षकांना ती दिसली नाहीं याचें वाईट वाटतें.

याच्या उलट टोंकाची एक फॅशनहि आहे, आणि तिची भलावण करण्याची आमची इच्छा नाहीं. पत्र्यापत्र्यांत भेद असतो हें कळल्यावर कांहीं कारागीर प्रत्येक चौकोनाला वेगळी छटा देतात. विमान मग गोधडीसारखें दिसूं लागतें. भेदाला कारण पाहिजे. ‘एफ-१०० सुपर सेबर’ या विमानाच्या मागच्या भागाला एंजिनाच्या तापानें सोनेरी, जांभळी, निळसर अशा छटा चढत; मोटरसायकलच्या सायलेन्सरला चढतात तशा. तेथें त्या न दाखविणें हा दोष. पण थंड राहणाऱ्या पंखावर, कर्त्याला भेद करतां येतो एवढ्याच कारणानें केलेला भेद, हा कादंबरींत प्रत्येक पात्राच्या तोंडीं निराळी बोली घालण्यासारखा प्रकार आहे.

हा विषय सर्वस्वीं परदेशचा आहे असेंहि नाहीं. ‘मिग-२१’ विमानें भारतीय वायुसेनेंत १९६३ मध्यें आलीं, आणि १९६४ मध्यें नाशिकजवळ ओझर येथें त्यांच्या उत्पादनासाठीं हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. आरंभींच्या वर्षांतलीं हीं विमानें उघड्या धातूचींच असत. नाकाचा शंकु आणि शेपटीचें टोंक मात्र रंगविलेलें, कारण त्यांच्या आड रडार आणि बिनतारी यंत्रें, आणि तेथें धातु चालत नाहीं. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं हीं विमानें सेवेंतून निवृत्त झालीं. आतां तीं पाहावयाचीं तर संग्रहालयांत किंवा चौथऱ्यावर. आणि आमच्याकडे चौथऱ्यावर चढलेल्या विमानाला ऊनपावसापासून राखण्यासाठीं बहुधा रंगाचा जाड थर बसतो. तो रंग चंदेरी असला तर आणखीच घोटाळा. फाटकाचा रंग पाहून पत्र्याची प्रतिकृति करावयाची असा प्रसंग येतो. जुन्या छायाचित्रांशिवाय येथें दुसरा गुरु नाहीं.

राहिला एक बारीक प्रश्न, पण कारागिरांत त्यावर कडाक्याचे वाद होतात. विमानावरचीं चिन्हें पाण्यांत भिजवून सरकविण्याच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेलीं येतात. पापुद्र्याची कड धातूवर लपत नाहीं. खालीं हवेचा बुडबुडा राहिला तर तो पांढुरका दिसतो. रंगविलेल्या प्रतिकृतीवर शेवटीं पारदर्शक रोगण फिरवून हे दोष बुजवितात. धातूवर तें रोगण फिरविलें कीं त्याची स्वतःची चकाकी वर येते, खालचा धातु करडा होतो, आणि इतक्या कष्टानें आणलेलें तेज एका फवाऱ्यांत जातें. न फिरवावें तर बोटांचे ठसे उमटतात आणि हळूहळू पक्के बसतात. मस्टँगच्या बाबतींत उत्तर मूळ विमानच देतें. त्याच्या पंखांवर मुळांतच रोगण होतें; तेव्हां तेथें तें खुशाल फिरवावें. धड मात्र उघडें ठेवावें, त्यावरचीं चिन्हें कडेला लागून कापून घ्यावीं, आणि प्रतिकृति उचलतांना हात पंखांनाच लावावा.